काय वगळले ते पाहा : कॅलिफोर्नियाच्या दोन एआय विधेयकांचे प्रकरण

२९ सप्टेंबर २०२४ रोजी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी एसबी १०४७ हे विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवले. बरोबर वर्षाने, २९ सप्टेंबर २०२५ रोजी, त्यांनीच एसबी ५३ वर सही केली. दोन्ही विधेयके मांडली ती राज्याच्या विधिमंडळातले सॅन फ्रान्सिस्कोचे सिनेटर स्कॉट वीनर यांनी. विषयही तोच, की सर्वांत ताकदवान एआय मॉडेल बनवणाऱ्या मूठभर कंपन्यांवर राज्याने कोणते बंधन घालावे. मधल्या वर्षात गव्हर्नर बदलले नाहीत, सिनेटर बदलले नाहीत, आणि एआयपासून मानवजातीला धोका आहे की नाही या मूळ वादात एका गोटातली माणसे दुसऱ्या गोटात गेली असेही घडले नाही. तरी पहिल्यांदा जे फिस्कटले ते दुसऱ्यांदा जमले.

याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे, की दोन्ही बाजूंनी थोडी थोडी माघार घेतली आणि मध्यावर गाठ पडली. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले तर हे स्पष्टीकरण तोकडे पडते. पहिल्या विधेयकाला नकार देताना जे कारण जाहीर केले, ते दुसऱ्या विधेयकात जवळपास जसेच्या तसे शिल्लक आहे. गाळले गेले ते दुसरेच काहीतरी. भांडण नेमके कशावरून होते हे कुणी काय बोलले यावरून कळत नाही, शेवटच्या मसुद्यातून काय गेले यावरून कळते. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर पाहू.

पहिला मसुदा

फेब्रुवारी २०२४ मध्ये वीनर यांनी एसबी १०४७ मांडले. त्याच्या कक्षेत येणारे मॉडेल ठरवण्याचे माप दुहेरी होते. प्रशिक्षणासाठी एकावर सव्वीस शून्ये इतक्या गणिती क्रिया झालेल्या असाव्यात आणि त्या गणनेचा खर्च १० कोटी डॉलरच्या वर असावा. असे मॉडेल बनवणाऱ्याने आधी सुरक्षा योजना लिहायची, गरज पडल्यास मॉडेल पूर्ण बंद करता येईल अशी सोय ठेवायची, पुढे दरवर्षी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घ्यायची. मॉडेलच्या मदतीने रासायनिक वा जैविक शस्त्र बनून मोठी मनुष्यहानी झाली, किंवा वीज-पाण्यासारख्या यंत्रणांवर सायबर हल्ला होऊन ५० कोटी डॉलरचे नुकसान झाले, तर राज्याचे ॲटर्नी जनरल कंपनीला कोर्टात खेचू शकत. दंडही बारीकसारीक नव्हता. पहिल्या गुन्ह्याला मॉडेलच्या प्रशिक्षण-गणनेच्या खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत, पुढच्याला ३० टक्क्यांपर्यंत.

यावर जी दुफळी पडली ती पक्षांच्या रेषेवर पडली नाही. जेफ्री हिंटन, योशुआ बेंजिओ आणि यान लकून या तिघांना २०१८ चे ट्युरिंग पारितोषिक एकत्र मिळाले होते. आजच्या एआयचा पाया घालणारे हेच तिघे. त्यातले पहिले दोघे विधेयकाच्या बाजूने, तिसरे कडाडून विरोधात. इलॉन मस्क बाजूने, ओपनएआय विरोधात. मेटा आणि गूगल विरोधात. हॉलिवूडच्या कलाकारांची संघटना बाजूने. डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर विधेयक आणतात आणि त्याच पक्षाच्या नॅन्सी पेलोसी, झोई लॉफग्रेन आणि सिलिकॉन व्हॅलीचे खासदार रो खन्ना त्याला उघड विरोध करतात, हे दृश्य अमेरिकेत रोज दिसत नाही. सप्टेंबरात तर ओपनएआय, गूगल डीपमाइंड, मेटा अशा कंपन्यांतल्या शंभराहून अधिक आजी-माजी कर्मचाऱ्यांनी पत्र काढून गव्हर्नरांना सही करण्याची विनंती केली. म्हणजे फूट कंपन्यांच्या आतही होती.

खरी गाठ खुल्या मॉडेलांपाशी होती. मेटासारखी कंपनी आपल्या मॉडेलचे आतले आकडे सर्वांना उतरवून घेऊ देते. एकदा ते जगभरच्या संगणकांवर गेले की परत बोलावता येत नाहीत. मग ‘पूर्ण बंद करण्याची सोय’ कशी ठेवायची? आणि तिसऱ्याच कुणीतरी ते मॉडेल आपल्या सोयीने बदलून वाईट कामाला लावले तर जबाबदार कोण? विधेयकात पुढे दुरुस्त्या झाल्या. बंद करण्याची अट स्वतःच्या ताब्यातल्या प्रतींपुरती राहिली, आणि बदलाच्या कामावर १ कोटी डॉलरहून अधिक खर्च करणारा स्वतः जबाबदार, असेही ठरले. पण धास्ती गेली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एआय संशोधक फेई-फेई ली यांनी ऑगस्टमध्ये जाहीर लेख लिहून म्हटले, की याचा फटका विद्यापीठांना, छोट्या कंपन्यांना आणि खुल्या संशोधनाला बसेल. कायद्यातल्या अटी मोठ्यांपुरत्याच होत्या हे खरे, पण विद्यापीठातला संशोधक मोठ्यांनी खुल्या केलेल्या मॉडेलवरच काम करतो. वरचा झरा आटला तर खालच्याला पाणी कुठले, हा त्यांचा मुद्दा विधेयकाच्या समर्थकांनी सुरुवातीला फार हलक्यात घेतला असे मला वाटते.

ऑगस्टमध्ये मसुदा बराच छाटला गेला. खोट्या प्रतिज्ञापत्रासाठीची फौजदारी शिक्षा गेली. नवे सरकारी खाते उभारण्याची कल्पना गेली. मॉडेल सुरक्षित असल्याची ‘वाजवी हमी’ देण्याऐवजी ‘वाजवी काळजी’ घेतली तरी पुरेल असे झाले. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने यानंतर गव्हर्नरांना कळवले, की आता फायदे बहुधा तोट्यांहून जास्त आहेत, पण आमची तशी खात्री नाही. हे राज्याचे नव्हे, केंद्राचे काम, अशी ओपनएआयची भूमिका होती. विधिमंडळाने विधेयक मंजूर केले आणि न्यूसम यांनी ते फेटाळले.

सांगितलेले कारण

न्यूसम यांच्या नकारपत्रातला मुख्य मुद्दा वाचण्याजोगा आहे. त्यांचे म्हणणे असे, की हे विधेयक फक्त सर्वांत महागड्या आणि अवाढव्य मॉडेलांकडे बघते. लहान, खास कामासाठी घडवलेली मॉडेलही तितकीच किंवा जास्त घातक ठरू शकतात. मॉडेल कुठे वापरले जाते, त्यावर कुणाचे महत्त्वाचे निर्णय ठरतात, हे विधेयक बघतच नाही. त्यामुळे लोकांना सुरक्षिततेचा खोटा दिलासा मिळेल.

मुद्दा बिनतोड आहे, आणि पुढच्या चारच महिन्यांत त्याला बळ देणारी घटना घडली. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या डीपसीक कंपनीने आर-१ हे मॉडेल खुले केले. त्याच्या पायाभूत मॉडेलच्या शेवटच्या प्रशिक्षणफेरीचा खर्च कंपनीने सुमारे ५६ लाख डॉलर सांगितला. त्या आकड्यात आधीचे संशोधन आणि फसलेले प्रयोग धरलेले नाहीत, हे सोडून दिले तरी गणनेच्या मापावर कायदा बेतणे किती ठिसूळ आहे ते सर्वांना दिसले.

आता २०२५ चा कायदा काढा. एसबी ५३ मध्ये माप काय? तेच. एकावर सव्वीस शून्ये. वर आणखी एक चाळणी लावली आहे. मुख्य जबाबदाऱ्या वर्षाला ५० कोटी डॉलरहून जास्त उत्पन्न असलेल्या कंपनीलाच लागू. म्हणजे ‘फक्त मोठ्यांकडेच बघता’ या आक्षेपावर उत्तर म्हणून आलेला कायदा आणखी मोठ्यांकडेच बघतो. मॉडेल इस्पितळात वापरले की बँकेत, याची विचारपूस त्यातही नाही. न्यूसम यांनी खोटे कारण दिले असे मी म्हणत नाही. पण नकारपत्रात लिहिलेले कारण सही अडवत नव्हते, एवढे मात्र कागदावरून सिद्ध होते.

मधले वर्ष

नकार देतानाच न्यूसम यांनी तज्ज्ञांची नावे जाहीर केली होती. विरोधात लिहिणाऱ्या फेई-फेई ली, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती आणि कार्नेगी एन्डाउमेंट या धोरण-संशोधन संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष मारियानो-फ्लोरेन्टिनो क्वेयार, आणि बर्कलीच्या संगणन महाविद्यालयाच्या डीन जेनिफर टूर चेयस. आपल्याकडे समिती नेमली म्हणजे विषय बासनात गुंडाळला असे समजायची रीत आहे. इथेही विधेयकाच्या समर्थकांनी तसे समजले असते तर त्यांना दोष देता आला नसता. पण या गटाने मार्च २०२५ मध्ये मसुदा काढला, त्यावर सूचना मागवल्या आणि १७ जूनला अंतिम अहवाल दिला.

अहवालाची हातोटी अशी, की त्याने ‘धोका आहे का’ हा प्रश्न सोडवायचा प्रयत्नच केला नाही. त्याने विचारले, धोका आहे की नाही हे कळायला कुणाकडे कोणती माहिती असायला हवी, आणि आज ती कुणाकडे आहे? तंबाखू कंपन्यांचा दाखला त्यात आहे. सिगारेटचे दुष्परिणाम कंपन्यांना आतून ठाऊक होते, बाहेर मात्र शंका पेरल्या जात होत्या, आणि धोरण दशकानुदशके मागे राहिले. ऊर्जा उद्योगाचा आणि इंटरनेटच्या सुरुवातीच्या रचनेचाही दाखला आहे. यातून निघालेल्या शिफारशी पारदर्शकता, बाहेरच्यांकडून तपासणी, आतली गडबड उघड करणाऱ्या जागल्यांना संरक्षण, आणि अपघात घडल्यास तो कळवण्याची यंत्रणा अशा आहेत. ‘विश्वास ठेवा, पण पडताळा’ हे त्याचे सूत्र. मार्चनंतरच्या तीन महिन्यांतही जैविक शस्त्रांसंबंधीच्या धोक्याचा पुरावा वाढला आहे, असे अंतिम प्रतीत नोंदवले आहे. ज्या गटाच्या प्रमुखांपैकी एक जण मूळ विधेयकाची टीकाकार होती, त्याने हे लिहिणे महत्त्वाचे.

या शिफारशींचे बळ असे, की विरुद्ध टोकांच्या दोघांनाही त्या आपापल्या कारणासाठी हव्याशा वाटतात. ज्याला वाटते प्रलय येणार, त्याला इशारा लवकर हवा. ज्याला वाटते हा सगळा बागुलबुवा, त्याला तो बागुलबुवा आहे हे सिद्ध करायला आकडेवारी हवी. दोघांचे निष्कर्ष जुळण्याची गरजच पडत नाही.

बाहेरही जमीन तयार होत होती. मे २०२४ मध्ये सोल इथे झालेल्या एआय परिषदेत सोळा कंपन्यांनी आपापली सुरक्षा-चौकट प्रसिद्ध करण्याचे वचन दिले होते. वचन स्वेच्छेचे असले की पाळणारा पाळतो आणि घाईत असलेला नंतर पाळतो. मार्च २०२५ अखेर गूगलने जेमिनी २.५ प्रो हे मॉडेल लोकांच्या हाती दिले, त्याची माहितीपत्रिका काही आठवड्यांनी आली. त्याच्या आदल्या वर्षी ओपनएआय सोडून जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या करारातल्या, कंपनीविरुद्ध बोललात तर कमावलेले समभाग गमवाल अशा अर्थाच्या कलमाचा गवगवा झाला होता आणि कंपनीला ते मागे घ्यावे लागले होते. जागल्यांचे संरक्षण हा विषय त्यामुळे कुणाला परका वाटत नव्हता. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाची एआय मॉडेलांसाठीची आचारसंहिता आली, तीवर ओपनएआय, गूगल, अँथ्रॉपिक यांनी सह्या केल्या, मेटाने नकार दिला. युरोपसाठी जे लिहायचेच आहे ते कॅलिफोर्नियातही लिहायला मग फारसा त्रास उरला नाही.

आणि एक घटना वॉशिंग्टनमधली. राज्यांनी दहा वर्षे एआयवर कायदेच करू नयेत, अशी तरतूद ट्रम्प यांच्या मोठ्या अर्थविधेयकात घुसवली गेली होती. मे महिन्यात प्रतिनिधिगृहाने तिच्यासह विधेयक मंजूरही केले. १ जुलैला सिनेटने ती ९९ विरुद्ध १ मतांनी काढून टाकली. शंभरपैकी नव्याण्णव सिनेटर आज दुसऱ्या कोणत्या विषयावर एकत्र येतील सांगता येत नाही. त्यात मुलांच्या सुरक्षेची काळजी असलेले होते, कलाकारांच्या आवाजाची काळजी असलेले होते, राज्यांच्या हक्कांसाठी भांडणारे रिपब्लिकन होते. कोणता कायदा हवा यावर त्यांचे एकमत नव्हते. कायदा करण्याची वाट बंद होऊ नये यावर होते.

दुसरा मसुदा

जुलैमध्ये वीनर यांनी एसबी ५३ अहवालाच्या अंगाने वाढवले. अंतिम रूपात कंपन्यांवर पुढील गोष्टी बंधनकारक झाल्या. महाधोक्याचा विचार आपण कसा करतो याची चौकट लिहून प्रसिद्ध करायची आणि पाळायची. नवे मॉडेल आणताना त्याचा अहवाल द्यायचा. गंभीर सुरक्षा-घटना घडली तर १५ दिवसांत राज्याच्या आपत्कालीन सेवा कार्यालयाला कळवायची, आणि जिवाला तातडीचा धोका असेल तर २४ तासांत पोलिसांसारख्या योग्य त्या यंत्रणेला. महाधोक्याबद्दल दिशाभूल करणारी विधाने करायची नाहीत. जागल्यांवर सूड घ्यायचा नाही. महाधोका म्हणजे ५० हून अधिक माणसांचा मृत्यू वा गंभीर इजा, किंवा १०० कोटी डॉलरहून जास्त मालमत्तेची हानी.

गेले काय? मॉडेल बंद करण्याची सोय गेली. वाजवी काळजी घेतली नाही म्हणून होणारी खटलेबाजी गेली. बाहेरच्या लेखापरीक्षकाची अट जुलैच्या मसुद्यात होती, सप्टेंबरपर्यंत तीही गेली. दंड प्रशिक्षण-खर्चाच्या टक्केवारीवरून उतरून प्रत्येक उल्लंघनामागे कमाल १० लाख डॉलरवर आला. ५० कोटींच्या वर उत्पन्न असणाऱ्यांसाठी हा दंड कितपत बोचेल याचा हिशेब वाचकानेच करावा. पहिला कायदा म्हणत होता, ‘नुकसान होऊ देऊ नका, नाहीतर भरा.’ दुसरा म्हणतो, ‘काय करता ते सांगा, आणि सांगितले तसे करा.’ भांडण इथे होते. मॉडेलच्या आकारावर नव्हते, भवितव्याच्या भाकितावर तर नव्हतेच. चूक झाली तर कुणाच्या खिशाला चाट बसणार यावर होते.

समर्थकांनी हे का स्वीकारले? माझ्या मते त्यांचा हिशेब असा, की काहीच नसण्यापेक्षा लिहिलेले वचन कायद्याच्या कक्षेत येणे मोठे. ‘आम्ही सुरक्षेला सर्वोच्च प्राधान्य देतो’ हे वाक्य आजवर जाहिरातीचे होते. आता ते चौकटीत लिहिले आणि पाळले नाही तर ॲटर्नी जनरल दारात येऊ शकतात. अँथ्रॉपिकने ८ सप्टेंबरला पाठिंबा जाहीर केला, हे फार मोठे धाडस मानू नये. कायदा जे मागतो त्यातले बरेच ती कंपनी आधीच करत होती, आणि प्रतिस्पर्ध्यांनाही तेच करावे लागणे तिच्या सोयीचेच होते.

एक फट मात्र नीट पाहण्यासारखी आहे. प्रसिद्ध करायच्या चौकटीतून व्यापारी गुपिते आणि सुरक्षेच्या कारणावरून मजकूर गाळता येतो, फक्त कोणत्या प्रकारचा आणि का गाळला ते सांगावे लागते. आणि कार्यालयाकडे आलेल्या घटनांच्या नोंदी कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखाली नागरिकाला मागता येत नाहीत. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी माहिती अधिकाराचा कायदा केला. माहिती सरकारकडे असणे आणि ती लोकांना मिळणे यातले अंतर इथल्या कार्यकर्त्यांना समजावून सांगायला नको. सामायिक जमीन ‘पारदर्शकते’वर सापडली असे म्हणताना ही पारदर्शकता कुणाच्या डोळ्यांसाठी, हे विचारायला हवे.

ज्यांच्या वाट्याला गुंठाही आला नाही

एआयच्या वादात दोनच बाजू आहेत अशी समजूत या प्रकरणाने घट्ट केली, आणि ते मला सर्वांत खटकते. प्रलयाची भीती असणारे आणि वेग मंदावण्याची भीती असणारे, यांच्यातला समेट म्हणजे सगळा समेट नव्हे. तिसरे लोक आहेत. ज्यांना कामावरून काढण्याचा निर्णय संगणक घेतो ते. ज्यांचे मूल रात्रभर चॅटबॉटशी बोलते ते. न्यूसम यांच्या २०२४ च्या नकारपत्रातला ‘वापर कुठे होतो ते बघा’ हा मुद्दा खरे तर यांचाच होता.

त्यांचे काय झाले? १३ ऑक्टोबर २०२५ रोजी, एसबी ५३ वर सही होऊन दोनच आठवडे झाले असताना, न्यूसम यांनी एसबी ७ ला नकार दिला. कामगार संघटनांनी पुढे रेटलेल्या या विधेयकात, शिस्तभंग किंवा नोकरीवरून काढणे निव्वळ यंत्राच्या भरवशावर करू नये, माणसाने तपासावे, अशी मागणी होती. फारच ढोबळ आणि व्यापक बंधने, असे कारण दिले गेले. त्याच दिवशी मुलांना सोबती-चॅटबॉटपासून दूर ठेवणारे एबी १०६४ हे कडक विधेयकही परत गेले आणि त्याच विषयावरचे सौम्य एसबी २४३ मंजूर झाले. पहिल्या वर्षी आक्षेप होता की तुम्ही वापराकडे बघत नाही. दुसऱ्या वर्षी वापराकडे बघणारी विधेयके आली तर ती फार व्यापक ठरली.

यात कटकारस्थान शोधायची गरज नाही. सौदा जमतो तो टेबलावर बसलेल्यांचा. मूठभर कंपन्यांना अहवाल लिहायला सांगणे स्वस्त असते. राज्यातल्या प्रत्येक मालकाला त्याच्या सॉफ्टवेअरची उलटतपासणी करायला लावले तर लाखो लोक अस्वस्थ होतात. समेट तिथे झाला जिथे खर्च कमी माणसांवर पडत होता.

पुढे

नमुना पसरतो आहे. डिसेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकल यांनी रेझ या तिथल्या एआय-सुरक्षा कायद्यावर सही करताना तो कॅलिफोर्नियाच्या जवळ आणणाऱ्या बदलांवर विधिमंडळाशी समझोता केला, घटना कळवण्याची मुदत मात्र ७२ तासांची. त्याच महिन्यात ट्रम्प यांनी राज्यांच्या एआय कायद्यांना न्यायालयात आव्हान देण्यासाठी न्याय खात्यात पथक उभारण्याचा आदेश काढला. भारताच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तूर्त वेगळा कायदा नको असे म्हटले, पण एआयमुळे घडणाऱ्या अपायांची राष्ट्रीय नोंदवही असावी हे त्यातही आहे.

एसबी ५३ हा १ जानेवारी २०२६ पासून लागू आहे. २०२७ पासून आपत्कालीन सेवा कार्यालयाला दरवर्षी आलेल्या घटनांचा, नावे वगळून, एकत्रित गोषवारा द्यायचा आहे. आणि राज्याच्या तंत्रज्ञान विभागाला त्याच वर्षापासून सांगायचे आहे, की ‘मोठे मॉडेल’ कशाला म्हणायचे याची व्याख्या अजून लागू पडते का.